गळतीय म्हणा

कोल्हापुरात राहायचं तर 'चालतंय की' हे दोन शब्द यावे लागतात. बाकीचं मराठी नाही आलं तरी भागतं. चहात साखर जास्त पडली, चालतंय की. लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचलो, चालतंय की. दुकानदारानं निळ्याऐवजी हिरवा रंग बांधून दिला, तर उलट आपणच त्याची समजूत घालतो, असू दे, चालतंय की. या मुलखात जन्म काढून हे दोन शब्द कधीच न उच्चारलेलं एकच माणूस मी पाहिलं, आणि माझं नशीब असं की ते माणूस माझी घरमालकीण होती.

उचगावात त्यांचं घर होतं. वरच्या खोलीसाठी विचारायला गेलो तेव्हा त्या अंगणात खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून बसल्या होत्या. मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी पीटी शिकवण्यात घालवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिट्टी निवृत्त झाली नव्हती.

"गाव?"

"कबनूर."

"घरात यंत्रमाग?"

"हो. आहेत."

"मागाच्या आवाजात वाढलास म्हंजे मोठ्यानं बोलत असशील. बोल की मग. पुटपुटणारा भाडेकरू मला चालत न्हाय."

मी मोठ्यानं बोललो आणि खोली मिळाली. त्या दिवसापासून माझं नाव कबनूर. माझ्या आधी मुरगूड राहत होता, त्याच्या आधी हुपरी. आईबापांनी ठेवलेली नावं त्यांना कधी लागलीच नाहीत. मी त्यांना सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायचो. शिट्टी एकदा वाजली की खाली जायचं, दोनदा वाजली की पळत जायचं. आता ती खोली सोडून काही वर्षं झाली, तरी बसस्टँडवर कंडक्टरनं शिट्टी मारली की माझा पाय उचलला जातो.

बाईंची एक रीत मला सुरुवातीला कळायचीच नाही. दूधवाला यायचा. बाई पातेल्यात बोट बुडवायच्या आणि म्हणायच्या, "पाणी घातलंयस."

"न्हाय ओ बाई, म्हशीनंच पातळ दिलंय."

"म्हशीला मधी आणू नगंस. पाणी घातलंयस म्हण."

हे दारात उभ्यानं इतका वेळ चालायचं की मागची गिऱ्हाइकं बोंब मारायची. शेवटी तो वैतागून म्हणायचा, "घातलंय थोडं. झालं?" आणि मग बाई तेच दूध, तेवढंच, काहीही कमी-जास्त न करता घ्यायच्या. वर त्याला गूळ-शेंगदाणे द्यायच्या. त्यांना दूध बदलून नको असायचं. जे आहे त्याला ते म्हणावं, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. मी एका दुचाकीच्या शोरूममध्ये सर्व्हिस काउंटरला होतो. 'असा आवाज येतोच' हे वाक्य बोलूनच माझं पोट भरत होतं. त्यामुळे बाईंपुढं बसलो की मला उगीचच घाम फुटायचा.

तर गुडघे. ज्या बाईंनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, त्यांचे गुडघे झिजले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टाळायचं असेल तर चालणं कमी करा, सायकलीसारखा व्यायाम करा, किंवा पाण्यातला करा. सायकलवरून उतरताना तोल जायचा आणि पोहण्याच्या टाकीच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या. बाईंनी डॉक्टरांच्या दोन सल्ल्यांचा गुणाकार केला आणि मोबाइलवर शोधून पायडल मारायची होडी मागवली. कयाक म्हणतात तिला. एका माणसाची, पिवळीधमक, प्लास्टिकची. मधोमध एक खाच, त्या खाचेत बसणारी पायडलची पेटी, खाली पंखा आणि मागं सुकाणू. पाय मारायचे की होडी पुढं.

ट्रकातून ती उतरली तेव्हा गल्ली गोळा झाली. एका पावण्यानं तिच्यावर टकटक केलं आणि विचारलं, "बाई, म्हसरांना पाणी पाजायला घेतलासा व्हय?"

"व्हय. उद्या तू ये प्यायला," बाई म्हणाल्या.

मग पूजा. आमच्याकडं नवीन गाडी आली की हार, कुंकू, पुढ्यात नारळ आणि चाकाखाली लिंबं. लिंबं चिरडत गाडी पुढं काढली की दृष्ट निघाली. हाराला अडचण नव्हती. नारळ पायरीच्या दगडावर फुटला. पण लिंबं कुठं ठेवायची यावर गल्ली अडली, कारण चाकच नाही. बाईंनी निकाल दिला, "बुडाखाली ठेवा आन वडा." आम्ही दोन्ही टोकांना धरून होडी ओढली. लिंबं चिरडली नाहीत, घरंगळत गटारात गेली. मग नवी लिंबं आणली आणि वजन पडावं म्हणून बाई स्वतः आत बसल्या. एक लिंबू चिरडलं. टाळ्या पडल्या. मी फोटो काढले, आणि ते फोटो पुढं आम्हाला फार महाग पडले.

होडी पाण्यावर न्यायची जबाबदारी टेंपोवाल्या चाचांनी आपणहून घेतली. चाचा शेजारच्या गल्लीतले, बाईंपेक्षा थोडे लहान, तोंडात सतत बडीशेप. बाईंनी शब्द टाकायच्या आत त्यांचा टेंपो दारात उभा असायचा. असं का, हे मी विचारलं नव्हतं. गडमुडशिंगीच्या बाजूला एका जुन्या दगडखाणीत पाणी साठून तळं झालंय. खाण बाईंच्या एका विद्यार्थिनीच्या सासरची. तिथं आम्ही सकाळी पोचलो. बाईंना दोन्ही बाजूंनी धरून होडीत बसवलं, नारिंगी जॅकेटचे पट्टे आवळले आणि होडी लोटली.

बाईंनी पायडल मारलं. एकदा, दोनदा, मग लयीत. ज्या बाईला मी रोज भिंत धरून आडवं आडवं पायरी उतरताना बघत होतो, ती बाई कोणाच्या आधाराशिवाय पाणी कापत निघाली होती. मध्यावर गेल्यावर त्या ओरडल्या, "कबनूर! गुडघा गप हाय रे! एक शब्द बोलंना!"

चाचांनी बडीशेप गिळली आणि तोंड फिरवलं.

मग होडी आपली आपण डावीकडं वळायला लागली. बाई सुकाणूची दोरी उजवीकडं ओढत होत्या आणि होडी हट्टी बैलासारखी डावीकडंच. पायडल कुरकुरत होतं. त्याचं एवढं नाही, पण मागली बाजू हळूहळू खाली बसत चालली होती. बाई कशाबशा काठाला लागल्या. होडी वर ओढायला गेलो तर आम्हा दोघांना हलेना. बुडाचं बूच काढलं आणि पाणी धो धो वाहायला लागलं. थांबायचं नावच घेईना.

कंपनीला फोन लावायचं काम माझं. पलीकडची मुलगी फार गोड बोलायची. तिनं सांगितलं, आत थोडं मॉइश्चर येणं नॉर्मल आहे.

"मॉइश्चर म्हंजे?" बाईंनी विचारलं.

"दमटपणा," मी म्हणालो.

"तिला म्हणावं, बादल्या भरभरून दमटपणा निघालाय. म्हसरं बसतील त्यात."

मी ते जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, मग ते कंडेन्सेशन असेल. काउंटरच्या अलीकडं उभं राहून ही भाषा ऐकायची माझी पहिलीच वेळ होती, आणि खरं सांगतो, मुलगी कामात पक्की होती. शेवटी तिनं होडी मिळाली त्या दिवशीचे फोटो मागितले. माझ्याकडं पूजेचेच होते. छान आले होते, म्हणून सगळे पाठवले.

उत्तर आलं. फोटोंवरून असं दिसतं की ग्राहकानं होडी कठीण वस्तूंवरून ओढली, तसंच होडीच्या जवळ जड वस्तू आपटली. त्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

मी वाचून दाखवलं. बाई आधी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "कठीण वस्तू! लिंबू! आरं, लिंबू कठीण वस्तू!" मग हसणं थांबलं. चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "म्हंजे मी फोडली म्हणत्यात."

आता गळतं कुठं ते शोधायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की सुकाणूच्या स्क्रूतून गळतंय. शंका घेणाऱ्याला शिट्टी. पाण्याच्या टाकीला लावतात ती पुट्टी आणून आम्ही सगळे स्क्रू लिंपले. होडी तेवढीच गळली. बाईंनी दुसऱ्या दिवशी तोच आत्मविश्वास बुचाच्या रबरावर लावला. तेही नव्हतं. मग त्यांना रंगपंचमी आठवली. माळ्यावर उरलेल्या गुलाबी रंगाची पुडी होती. होडी दोन बाकड्यांवर ठेवून आत रंगाचं पाणी ओतलं आणि आम्ही खाली पाठीवर पडून बघत राहिलो, मी आणि चाचा. बाईंना वाकवत नव्हतं, म्हणून त्या खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या.

"दिसलं का?"

"न्हाय, बाई."

"डोळे उघडे हायत न्हवं?"

आणि माझ्या कपाळावर गुलाबी थेंब पडला. पायडलची पेटी बसते त्या खाचेच्या आतल्या कोपऱ्यात केसासारखी चीर होती. साच्यातून काढतानाच पडलेली असावी. तिथं लिंबू पोचत नव्हतं, नारळ पोचत नव्हता, माझं बोटसुद्धा जेमतेम पोचत होतं. बाईंनी खुर्चीवरून उतरून, गुडघ्याच्या नावानं शिव्या देत, आडवं होऊन ती चीर स्वतः बघितली. मी व्हिडिओ काढून पाठवला.

यावेळी कंपनीतल्या कुणी वरच्या साहेबांचाच फोन आला. स्वच्छ मराठी, गोड आवाज. "काकू, तुम्हाला त्रास झाला. आम्ही सद्भावना म्हणून नवीन होडी पाठवतो."

बाई सरसावून बसल्या.

"फक्त एक औपचारिकता आहे. उद्या कॉल येईल, तो रेकॉर्ड होईल. त्यात एवढंच म्हणा की नुकसान तुमच्या हाताळणीत झालं. आम्हाला केस बंद करायला लागतं तेवढं."

फोन ठेवल्यावर मी आनंदानं म्हणालो, "सुटलो! बाई, उद्या म्हणून टाका."

"काय म्हणू?"

"तेच. हाताळणीत झालं म्हणून."

"चूक त्यांची आन तोंड माझं?"

मी समजावलं. दोन शब्दांचा प्रश्न आहे. कोण ऐकतंय? नवी होडी येईल, गुडघे गप बसतील. होडी बाकड्यावर पडल्यापासून बाईंचं दुखणं वाढलं होतं. त्या गच्चीवर यायच्या बंद झाल्या होत्या. दारातल्या एका पायरीपुढं उभं राहून श्वास गोळा करताना मी त्यांना बघत होतो, आणि ही बाई दोन शब्दांसाठी ते सगळं पाण्यात घालायला निघाली होती. मला राग आला. मी आवाज चढवून म्हणालो, "बाई, हा नुसता हट्ट आहे. काय जातंय म्हणायला?"

बाई शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत बसल्या. चाचांनी मला हाताला धरून बाहेर नेलं.

टेंपोच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "कबनूर, माझी थोरली पोरगी बाईंच्याच शाळंत व्हती. मैदानातल्या झोक्याची कडी तुटून पडली. हात मोडला. शाळंनं सांगितलं, पोरगीनं नीट धरलं न्हवतं, मस्ती करत व्हती. सगळ्या मास्तरांनी माना हलवल्या. बाईंना बी सांगितलं, असंच म्हणा. ह्या म्हणाल्या, कडी गंजलीती, मी दोनदा सांगितलंतं. म्हणतच राहिल्या. पुढं त्यांना कधी वर चढवलं न्हाय कुणी. बढतीच्या वेळंला दरवेळी दुसऱ्याचं नाव." बडीशेपेची पुडी उघडून त्यांनी परत बंद केली. "माझी पोरगी घरात रडत बसलीती, माझीच चूक म्हणून. ह्या घरी येऊन तिला म्हणाल्या, तुझी न्हाय. आता तू त्यास्नी सांगतुयास, काय जातंय म्हणून."

पण गुडघ्याचं काय, हा प्रश्न काही सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि उभं राहून बोलल्या. उभं राहायला त्रास होत होता तरी बसल्या नाहीत.

"रेकॉर्ड हुतंय न्हवं?"

"हो, काकू. बोला."

"मग नीट ऐका. होडी गळतीय. तुमच्या कारखान्यातनं गळतच आली. मी फोडली न्हाय, माझ्या लिंबानं फोडली न्हाय, माझ्या नारळानं फोडली न्हाय."

पलीकडं थोडं खोकणं झालं. "काकू, असं म्हटलं तर आम्हाला काहीच करता येणार नाही."

"नका करू. नवी नगं मला. पर एकदा म्हणा, होडी गळतीय. तेवढं म्हणा, मी फोन ठेवते. परत त्रास देणार न्हाय."

तो साहेब अगदी हळू, पाठ केलेलं सगळं विसरल्यासारखा म्हणाला, "काकू, मला नाही हो तसं म्हणता येत."

"मला बी तुमचं न्हाय म्हणता येत," बाई म्हणाल्या, आणि मला फोन बंद करायची खूण केली.

नवी होडी हातची गेली. बाई खुर्चीत बसल्या, दोन्ही गुडघे तळहातांनी दाबले आणि थोड्या वेळानं चाचांना म्हणाल्या, "तुमच्याकडं फुटका बॅरल हाय न्हवं, प्लास्टिकचा?"

होडी स्वतः उघडून दुरुस्त केली तर वॉरंटी जाते असं मी सांगून बघितलं. "कुठली वॉरंटी?" असं बाईंनी अगदी खऱ्या कुतूहलानं विचारलं. चाचांनी बॅरलची पट्टी कापून आणली, लोखंडी सळई शेगडीवर लाल केली. प्लास्टिकवर प्लास्टिक वितळवून चीर बुजवायची होती. चाचा म्हणाले, मी करतो. बाईंनी सळई दिली नाही. "माझी होडी हाय. बिघडली तर मी बिघडवली असं व्हाय पायजे." नाकाला पदर लावून, धुरानं डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी तो जोड मारला. दिसायला करपलेल्या भाकरीसारखा झाला. आम्ही दोघांनी त्याची तोंडभरून स्तुती केली.

खाणीवर आम्ही गेलो ती सकाळ मला स्पष्ट आठवते. वारा पडला होता. बाई होडीत बसल्या आणि निघाल्या. सुकाणू अजूनही डावीकडं ओढत होतं, त्यांनी ते शिव्या देऊन सरळ ठेवलं. मध्यावर गेल्या. पूर्वी कधी गेल्या नव्हत्या त्या पलीकडच्या कड्याला लागून आल्या. मागली बाजू खाली बसली नाही. चाचा आणि मी काठावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून शाळेतल्या पोरांसारखे नाचलो. "बाई, नाद करायचा न्हाय तुमचा!" चाचा ओरडले. बाई फेरीवर फेरी मारत राहिल्या. परत या म्हणायची आमची छाती झाली नाही, आणि इच्छाही नव्हती.

शेवटी त्या आल्या. आम्ही होडी वर ओढली. हलकी होती, सहज आली. बूच काढलं. आधी काहीच आलं नाही. मग होडी कलती केल्यावर बारीक धार लागली. फार नाही, पण धारच.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी चाचांकडं बघितलं.

"वरनं उडालं असंल, बाई," चाचा म्हणाले. "पायडलचं शिंतोडं."

"एवढं तर येतंच," मी म्हणालो. नोकरीनं लावलेली जीभ, ती आपली आपण बोलली.

बाई दगडावर बसल्या होत्या. त्यांनी पुढं होऊन धारेखाली तळहात धरला. हातात पाणी साचलं, बोटांतून सांडलं. चेहरा पडलेला दिसेल म्हणून मी दुसरीकडं बघायच्या तयारीत होतो, पण तो पडला नव्हता.

"गळतीय," त्या म्हणाल्या. खाणीच्या भिंतीला लागून शब्द परत आला इतक्या मोठ्यानं. "माझा जोड गळतोय. मी मारलाय, मला नीट मारता आला न्हाय."

मग माझ्या खांद्यावर भार टाकून उठल्या, हात साडीला पुसला आणि आम्हा दोघांवर ओरडल्या, "बघत काय बसलाय? उलटी करा. कुठनं गळतीय बघू, आन परत तापवू सळई."